धुऱ्यावरचे चार अंडे

नाव शालिक लिहा, आडनाव राहू द्या. गावाचं नाव तं लिहूच नोका, बार्शीटाकळीच्या अंगानं कुठंतरी एक गाव हाय एवढ्यावर भागवा, काहून ते पुढं समजनच तुमाले. आन तो मोबाईल पालथा काहून ठेवला? चालू हाय ना? मंग सुदा ठेवा, मले दिसू द्या. राग नोका मानू भाऊ, माहा सोभावच तसा हाय. आमच्या घरात वाटन्या झाल्या तवा मोठ्या भावाले बैलजोडी आली आन मले संशय आला, आमची बुढी, म्हंजे माही बायको, असंच सांगते सगळ्याइले.

तं माहा बाप सालदार होता, दुसऱ्याच्या घरी वर्षावर राबनारा. वावर काई नाई, बस बुद्धविहाराच्या मांगं एक खोली. गावाखालून सरकारी चराईची पडीक जमीन होती, आमच्याकडं तिले ईकलास म्हन्तेत, तिच्यातली तीन एकर बापानं आन तीन एकर माह्या काकानं तोडली. तोडली म्हंजे काय सांगू तुमाले, दोन उन्हाळे नुसते गोटेच वेचले, तेच गोटे मधात रचून धुरा केला. धुऱ्याच्या इकून आमी, तिकून काका. आता काकाच्या जागी त्याचा पोरगा हाय, भीमराव, माह्याहून दोन वर्षानं लहान आन दोन गुनं हरामी. जमीन अजूनबी सरकारचीच हाय, सातबाऱ्यावर आमचं नाव नाई, पट्टा भेटन म्हनून जो साहेब आला त्यानं एक कागद देल्ला आन गेला. पेटीभर कागद हायेत. बुढी म्हन्ते, त्याइचीच पेरनी करा.

म्हनून मी वहीपेन घेतलेला मानूस पाह्यला का घाबरतो. एकडाव गुर्जी आले, घरी मानसं किती लिहाले, मले वाटलं जास्त सांगतले तं काईतरी कापतीन, मी म्हनलं मी एकटाच, अन् मांगं बुढी चुलीपाशी खोकलून राह्यली. गुर्जी म्हने, मंग हे कोन? मी म्हनलं पाव्हनी हाय. त्या पाव्हनीचं नाव रेशनकार्डात चढवाले मले दोन वर्ष तहसिलीत चकरा माराव्या लागल्या. अजूनबी चहा देताना म्हन्ते, घ्या, पाव्हनीच्या हातचा.

हे अशासाठी सांगून राह्यलो का माहं डोस्कं कसं चालते ते तुमाले समजलं पाह्यजे. आता तनमोराचं ऐका. तनमोर म्हंजे कोंबड्याएवढं पाखरू, नर कायाभोर, पाखाले पांढरं, डोक्याच्या मांगं बारीक तुरे. इतर दिवसात दिसतच नाई. पानी पडून गवत कंबरेएवढं झालं का तो गवतातून सरळ वर उडी घेते, मानूसभर उंच, पाखं फडफडोते, बेडकावानी टर्र करते आन पुन्ना खाली गडप. दिवसभर तेच. बाप म्हने, नवरदेव नाचून राह्यला. लहानपनी आठ-दहा नाचत, मंग पडीक सरली, जिथं पाहा तिथं सोयाबीन, आन शेवटी आमच्या धुऱ्याच्या पट्ट्यात एकच राह्यला. धुऱ्यापाशी गोटे हायेत म्हनून बैलाचा डवरा चालत नाई, तेवढंच गवत बचलं, माही पुण्याई काई नाई त्याच्यात.

तीन वर्ष झाले, श्रावनात एक पोरगी आली अमरावतीहून, गयात दुर्बीन, हातात वही. वही! काका, जयभीम, इथं तनमोर दिसते काय? मी म्हनलं बाई, मी तं इथं चिमनीबी पाह्यली नाई. आन तेवढ्यात तो लेकाचा मांगून उडाला, टर्र! पोरगी हासली. म्हने, मंग हे काय हाय? मी म्हनलं बेडूक हाय. काका, बेडकाले पंख असते? मी म्हनलं आमच्याकडच्या बेडकाइले असते. तिनं वहीत काईतरी लिहिलं. समजलो मी. हे पाखरू दुनियेतून सरत आलं म्हन्तेत, आता हे पोरगी सरकारले सांगन, सरकार अभयारन्याची पाटी ठोकन, पाटीवर नाव पाखराचं, अन् मी बाहीर. बापानं गोटे वेचले आन सातबारा भेटन तनमोराले.

मंग मले वाटलं, हिले इथलं सांगतलं कोन? भीमरावनंच. माहे तीन एकर गेले तं याच्या आंगात थंडक पडन. पुढच्या हप्त्यात मी गवत कापाले पट्ट्यात विळा घेऊन गेलो आन पायाखालून मादी निंघाली. पाह्यतो तं चार अंडे, शेवाळी रंगाचे, तपकिरी ठिपके, ऊन ऊन. काय सांगू तुमाले, चांगल्या मानसाले त्या येळी दया येते, मले अक्कल आली. मी आजूबाजूले पाह्यलं, चारी अंडे दुपट्ट्यात घेतले, धुरा ओलांडला आन भीमरावच्या बाजूच्या गवतात ठेवून देल्ले. खाली मऊ गवतबी आंथरलं, म्हंजे पोरीले वाटलं पाह्यजे का पाखरू पहिल्यापासून इथंच नांदते. पाटी लागन तं तिकडं लागो.

दुसऱ्या दिवशी सकायी जाऊन पाह्यतो तं चारी अंडे माह्या तुरीच्या तासात! पाखरानं आनले? चोचीत? काय हुशार जात हाय बावा! मले तं असाबी संशय आला का त्या पोरीनंच हे पाखरू शिकवून सोडलं. मी पुन्ना दुपट्टा काढला, पुन्ना तिकडं नेऊन ठेवले. तिसऱ्या दिवशी पुन्ना माह्याकडं, आता कपाशीच्या बुडाशी. तेबी तिकडं नेऊन ठेवले. घरी सांगतलं तं बुढी म्हने, संगीताचे बाबा, पाखरू अंडे उचलत नसते, मानूस उचलते. पन बायकोचं खरं मानलं तं संशय कशाचा राह्यला?

चौथ्या दिवशी मी झांजरतच, उजाडाच्या पहिले, गेलो, गवतात दबून बसलो. तिकून भीमराव आला. धुऱ्यावर टेकला, डोक्यावरचा डब्बा खाली घेतला. अल्युमिनचा भाकरीचा डब्बा, त्याच्यात कापूस, कापसात चार अंडे. मी उठलो तसा तो मांगं सरकून गोट्यावरच बसला. मी म्हनलं, काय रे भाकरीचोरा! तो म्हने, दादा, तूच ना तो? मी म्हनलं मी कोन? तो म्हने, रोज माह्या धुऱ्यात हे बला ठेवनारा! त्या पोरीले तूच आनलं, माही जमीन घालवाले! अरे बह्याडा, मले वाटे तू आनलं! दोघंबी एका आज्याचे नातू ना भाऊ, डोस्कं तेच, खोडबी तीच. आमी अशे भांडलो का तिकडं बांधलेला बैलबी चरनं सोडून पाहून राह्यला. अन् भांडता भांडता भीमरावनं माह्या मांगं बोट दाखोलं. मी मांगं पाह्यलं. पहिले जिथं अंडे होते तिथं मादी उभी. मान वर काढे, दोन पावलं चाले, खाली चोच घाले, पुन्ना मान वर. चार दिवस झाले ते त्याच जाग्यावर शोधून राह्यली, आन आमी अंडे इकून तिकडं फिरोत, जसा काई जळता इस्तू.

पोरगी त्या दिवशी आलीच. भीमरावनं डब्बा तिच्यापुढं ठेवला. तिनं एक अंडं तयहातावर घेतलं, गालाले लावलं, म्हने, थंडे हायेत काका. मले वाटलं आता बोलन, शिव्या देईन, केस करन. तिनं वही मिटली आन आमच्या बापाच्या गोट्यावर बसली. मंग म्हने, जमीन कोन घेत होतं तुमची? मले एवढंच सांगाचं होतं का मादी पिल्लं घेऊन निंघेपर्यंत हा गवताचा पट्टा कापू नका. मी म्हनलं हेच कागदावर लिहून दे, जमीन जानार नाई म्हनून. पोरगी म्हने, मी नाई देऊ शकत काका, मले तेवढा अधिकार नाई, पुढं सरकार काय करन ते मलेबी मालूम नाई.

भाऊ, ज्यानं ज्यानं मले कागद देल्ला त्यानं फसोलं. हे पहिलं मानूस, नाई देऊ शकत म्हननारं. तिथं माहा संशय लंगडा पडला.

दुसऱ्या वर्षी तनमोर आला नाई. तिसऱ्याबी वर्षी नाई. आमी दोघाइनं धुऱ्याचं गवत राखलं, गाव हासे, बुढी म्हने, पाखराले पत्रिका पाठोली काय? भीमराव रोज विचारे, दादा, ऐकू आला काय? मी म्हनो, नाई रे. त्याचं तोंड उतरे. माहंबी उतरत असन, मले काई आरसा नोता धुऱ्यावर.

यंदा श्रावनाच्या तोंडावर टर्र झालं. हातातला चहा सांडला माह्या. मंगळवारी मादीबी पाह्यली, एक घडी, गवतात शिरताना. अंडे कुठं हायेत मले मालूम नाई, आन मी पाहालेबी गेलो नाई, भीमरावनंबी शपथ घेतली हाय. त्याच्या शपथेवर माहा भरवसा नाई म्हनून मी धुऱ्यावर बसतो, माह्यावर त्याचा नाई म्हनून तोबी बसते. पोरीले तेवढा फोन केला. परवा मोठ्या कॅमेऱ्यावाले दोघं आले, काका तनमोर कुठं दिसते, म्हने. मी म्हनलं, मी तं इथं चिमनीबी पाह्यली नाई. मांगून टर्र झालं. भीमराव म्हने, बेडूक हाय साहेब, पंखवाला.

जमिनीच्या पट्ट्यासाठी केस चालू हाय, तिची तारीख दिवाळीनंतर हाय. जमीन जाईन का राहीन, सांगता येत नाई, भेव तं हायच. पन पिल्लं तोवर गवतातून निंघून जातीन, त्याइले तारखेशी काय करनं.

तुमी लिहा, चांगलं लिहा, लेकराबाळानं सुखी राहा. आन हे पाहा, येताना धुऱ्याधुऱ्यानं आले तुमी, मी पाह्यलं. जाताना सडकेनं जा.