बिनसहीचं घर

— नाही नाही, केशवराव, आत नंतर या जी, आधी वर पाहा. दारावरचा दगड. कामठीचा आहे, अक्षरं मीच काढून दिली कारागिराले. ‘रुपराव नत्थूजी यांनी रचिले.’ बांधिले नाही हं — बांधलं गवंड्यानं — रचिले! सगळ्या नव्या शुक्रवारी मोहल्ल्यात असा दगड दुसरा नाही. या आता. जोडे राहू द्या. म्युनिसिपल कमिटीचे इन्स्पेक्टर माह्या लायसनसाठी घर पाहाले आले, म्हणजे आज तुम्ही माहे सोयरेच झाले. रुख्मिणी, चहा ठेव वं!

कसं आहे जी, मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून मी मार्तंडसाहेबाकडं घरांचे नकाशे काढून राहिलो. ते मुंबईहून शिकून आलेले, म्हणून सही त्यांची. धंतोलीतले बंगले घ्या, सीताबर्डीवरचं ते दुमजली दुकान घ्या — बोट ठेवाल तिथं रेघा माह्या अन् सही त्यांची. माणूस वाईट नाही हं! दिवाळीले धोतरजोडी देतात, पाठीवर हात ठेवतात, अन् माह्याच हातातून नकाशा घेऊन माह्याच समोर सही करतात. शाई वाळेपर्यंत फुंकर मी मारतो. मले हसू येते कधी कधी — नाही, येत नाही, काहून खोटं बोलू? जळतो मी. अन् आता तुमचा नवा नियम निघाला — कॉलेजात न गेलेल्या माणसालेही नकाशावर सही कराचं लायसन भेटेल, फक्त त्यानं स्वतः रचलेलं एक तरी बांधकाम दाखवावं. एक! म्हटलं, देवानंच धाडला हा नियम, माह्या घराचा पत्ता विचारत.

ही पाहा स्वयंपाकघराची खिडकी. लई खाली वाटते ना? साहेबाच्या बंगल्यांत खिडक्या उभ्या माणसाच्या उंचीच्या. तशी लावली असती तर चुलीपुढं बसून हिले जन्मभर भिंतच दिसली असती. म्हणून बसल्या डोळ्याले लावली. आता भाकर थापता थापता गल्लीतली सगळी भांडणं पाहाते — भाकर करपते, तो भाग वेगळा. अन् इकडं, या झरोक्याखाली उभे राहा. लागली ना हवा? मे महिन्यातही पंखा ओढणारा ठेवावा लागत नाही. हे घर म्हणजे मीच आहे जी. याच्यावर कोणाचीच सही नाही! साहेब म्हणत होते, आण गा रुपराव, करून देतो. मी नकाशा नेलाच नाही. म्हटलं, बाकी सगळं तुमचं, हे एक मले राहू द्या —

काय? मंजुरी? मंजुरी कशी भेटेल जी, सहीशिवाय नकाशा घेत नाहीत ना तुमच्या कमिटीत! म्हणून तर... टेप काहून काढून राहिले? नाही, मोजा, चला बाहेर, मोजा ना, भिंत रस्त्यावर एक बोटही आली नाही — 

पाडावं लागते? हे? अहो, मी बोलावलं तुम्हाले! मीच! लायसन नव्हतं म्हणून बिनमंजुरीचं बांधलं, अन् हेच दाखवल्याशिवाय लायसन नाही — हसा ना, मीही हसून राहिलो. जरा हळू बोला. ती खिडकी... आत रुख्मिणी ऐकून राहिली.

हो. हो जी, समजलं. मार्तंडसाहेबाच्या सहीनं आता नकाशा दाखल केला, दंड भरला, तर घर वाचते. उपकार आहेत तुमचे. म्हणजे मग हे घर त्यांनी रचलेलं. अन् मी... दाखवाले माह्यापाशी काय राह्यलं मग? काही नाही, अर्ज परत घेतो. तुम्हाले काहून अडचण? साहेब नाही म्हणणार नाहीत, घडीभराचं काम आहे त्यांचं. शाईवर फुंकर मी मारीन.

अन् दगड? ...बरोबर आहे. वर माहं नाव अन् कागदावर त्यांचं, असं कसं चालेल.

या आता तुम्ही. या जी. रुख्मिणी, चहा राहू दे वं. छन्नी कुठं ठेवली?