यादीतलं नाव

स्टोयना : …आणि हे मला कळलं कोणाकडून? दूधवालीकडून. माझ्या सख्ख्या भावाला त्याच्याच मुलीने जुगाराच्या हॉलच्या दारातून परत पाठवलं, चार लोकांसमोर, आणि ते मला दूधवाली सांगते.

रुसी : म्हणून तर आलोय ना, ताई. आधी चुलीवरचा तो पत्रा सरकव जरा. मिरच्या करपतायत.

स्टोयना : करपायलाच ठेवल्यात. नाहीतर साल कशी सुटेल? तू विषय बदलू नकोस. मी त्याच दिवशी नेव्हेनाला फोन केला होता.

रुसी : माहीत आहे.

स्टोयना : चांगलं सुनावलं तिला. म्हटलं, ज्या बापाने तुला रेल्वेच्या पगारावर शिकवलं, त्याला तू ओळखपत्र मागतेस? तर ही आपली गप्प. एक शब्द नाही. शेवटी मीच फोन ठेवला.

रुसी : ती बोलली नाही, कारण बोलायची पाळी माझी होती. त्या सोललेल्या मिरच्या इकडे दे, मी बिया काढतो. आणि मध्ये तोडू नकोस, नाहीतर माझ्याच्याने सांगून होणार नाही.

स्टोयना : बरं. सांग.

रुसी : त्या दिवशी मीन्चोला पोचवून येत होतो. बावीस वर्षं आम्ही एका इंजिनावर होतो, तुला ठाऊक आहे. दफनभूमीतून निघालो, अंगावर काळा सूट, हातात त्याच्या बायकोने दिलेली, मृताच्या नावाने वाटतात ती उकडलेल्या गव्हाची पुडी. घरी जाऊन काय करायचं होतं? माझी गीन्का गेल्यापासून घरात कोणी नाही. पाय आपोआप स्टेशनासमोर वळले. त्या हॉलकडे.

स्टोयना : पोरीला भेटायला.

रुसी : नाही. पोरीची त्या आठवड्यात सकाळची पाळी आहे हे बघूनच. एप्रिलपासून ती तिथे लागली आहे, दारावर बसून लोकांची ओळखपत्रं तपासते, आणि एप्रिलपासून मी एकदाही तिकडे फिरकलो नव्हतो. ती म्हणायची, बाबा, एकदा ये की, कॉफी पाजते. मी म्हणायचो, गुडघा दुखतो.

स्टोयना : मग त्या दिवशी गुडघा बरा झाला वाटतं.

रुसी : त्या दिवशी मला खेळायचं होतं, ताई. मशीनवर. तिथे गेलो तर दारात हीच बसलेली. बरोबरच्या मुलीचं मूल आजारी होतं, म्हणून तिची पाळी हिने घेतलेली. मी थबकलो, पण मागे फिरलो नाही. मनात म्हटलं, मुलगीच तर आहे, बघणार पण नाही, सोडेल आत. तर तिने हात पुढे केला. म्हणाली, ओळखपत्र. मी हसलो. म्हटलं, अगं, तुझा बाप आहे मी. ती म्हणाली, इथे सगळ्यांचंच बघते. मागे आपले दोघे रेल्वेवाले उभे होते आणि ती बेकरीवाली पेना. त्यांनाही हसू आलं. मग मी दिलं ओळखपत्र.

स्टोयना : आणि?

रुसी : आणि तिच्या संगणकाच्या पडद्यावर लाल पट्टी आली.

स्टोयना : म्हणजे काय? कार्ड जुनं झालं होतं?

रुसी : माझं नाव यादीत आहे.

स्टोयना : कसल्या यादीत? चोरांच्या?

रुसी : नाही गं. करखात्याच्या कचेरीत एक कागद मिळतो. आपणच लिहून द्यायचं, की दोन वर्षं मला जुगाराच्या जागेत येऊ देऊ नका. एकदा नाव चढलं की देशात कुठेच आत घेत नाहीत. राजधानीत सोफियात नाही, समुद्रकाठी नाही, मोबाइलवरसुद्धा नाही. म्हणून तर दारावर माणूस बसवतात. तपासल्याशिवाय कोणाला आत सोडलं, तर हॉलचा परवाना जातो.

स्टोयना : आणि तू लिहून दिलंस? स्वतःहून?

रुसी : दोन वर्षांपूर्वी.

स्टोयना : पण का? तू तर असाच कधीतरी, सणासुदीला…

रुसी : ताई, गीन्काच्या ऑपरेशनच्या दिवशी माझी बस बंद पडली नव्हती.

स्टोयना : नव्हती? तूच तर तसं सांगितलं होतंस.

रुसी : बस वेळेवर आली होती. दवाखान्याच्या चौकात उतरलो, तर समोरच एक हॉल. मला वाटलं, ऑपरेशनला वेळ आहे, दहा मिनिटं बसू. बाहेर आलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते.

स्टोयना : शुद्धीवर आल्यावर तिने मला तीनदा विचारलं होतं. रुसी आला का, रुसी आला का. मी तिला सांगत होते, बस बंद पडली आहे, येईल. मी तुझ्यासाठी तिच्याशी खोटं बोलले, आणि ते खोटं आहे हे मलाच माहीत नव्हतं.

रुसी : तिला माहीत होतं. मी वाकलो तिच्याजवळ, तेव्हा एवढंच म्हणाली, तुझ्या कोटाला त्या हॉलचा वास येतोय. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. आणि हिवाळ्यात गेली.

स्टोयना : थांब. थांब जरा. सुरी ठेव खाली.

रुसी : ती गेल्यावर तरी सुटायला हवं होतं ना? नाही सुटलं. पुढचं वर्षभर रोज. मग एक दिवस मी दाढी केली, तोच काळा सूट घातला आणि त्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईला सांगितलं, तो कागद द्या. तिने वर पाहिलं नाही, उपदेश केला नाही. म्हणाली, इथे सही. बस. दोन वर्षं मी पाऊल ठेवलं नव्हतं कुठे. मीन्चोच्या दिवशी वाटलं, दारावरचा एखादा न तपासताच सोडेल. कोणाला सांगितलंही नव्हतं. मुलीला तर नाहीच.

स्टोयना : म्हणजे पोरीला हे त्या पडद्यावरून कळलं.

रुसी : हो. लोकांसमोर, नोकरीच्या खुर्चीत बसून. मग तिने आधी काय केलं माहीत आहे? पडदा स्वतःकडे वळवून घेतला, मागच्यांना दिसू नये म्हणून. आणि हळू आवाजात म्हणाली, “तुमचं नाव यादीत आहे. तुम्हाला आत जाता येणार नाही.” तुमचं, ताई. तुम्हाला. जन्मात ती मला अहो-जाहो बोललेली नाही.

स्टोयना : तुला लागलं ते.

रुसी : मी चवताळलो. नको ते बोललो.

स्टोयना : काय बोललास?

रुसी : म्हटलं, तुझी आई असती तर तिला तुझी लाज वाटली असती.

स्टोयना : रुसी.

रुसी : हं. मी म्हणालो हे. तेच त्या सगळ्यांनी ऐकलं. पडद्यावर काय होतं ते कोणी पाहिलं नाही, म्हणून गावात फक्त एवढंच पसरलं की मुलीने बापाला हाकललं. ती एका शब्दात सांगू शकली असती, की याचं नाव अमुक यादीत आहे, म्हणून. लोकांनी तिला वाटेल ते म्हटलं, तू फोनवर म्हटलंस, पण तिने माझं नाव बाहेर काढलं नाही.

स्टोयना : म्हणून ती गप्प होती. आणि मी बोलत सुटले होते.

रुसी : ऐक पुढे. आवाज ऐकून हॉलचा मॅनेजर आला, देयान, आणि मागच्यांना त्याने बाहेर थांबवलं. माणूस वाईट नाही. त्याने माझा सूट पाहिला, त्याला कळलं मी कुठून आलोय. तो नेव्हेनाला म्हणाला, वडील आहेत तुझे, दिवस वाईट आहे त्यांचा, बसू दे अर्धा तास, कोण येतंय तपासायला. ती उठून उभी राहिली. म्हणाली, नाही. तो म्हणाला, इथे मॅनेजर कोण आहे, तू की मी? तेव्हा ती जे बोलली ना, ताई, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

स्टोयना : काय म्हणाली?

रुसी : म्हणाली, “सही त्यांची आहे. त्यांनीच लिहून दिलंय की मला सोडू नका. मी त्यांचंच ऐकतेय.”

स्टोयना : असं म्हणाली? बापासमोर?

रुसी : माझ्याकडे बघत. बावीस वर्षं इंजिन चालवलं मी. लाल सिग्नल दिसला की थांबायचं. मागे मंत्र्याचा डबा असो नाहीतर कोळशाचा, थांबायचं. कोणी वर चढून म्हणालं असतं, अरे जा की, कोण बघतंय, तर मी त्याला खाली उतरवलं असतं. आणि इथे माझी पोर तेच करत होती, आणि तो वर चढून सांगणारा माणूस मी होतो.

स्टोयना : मग?

रुसी : देयान म्हणाला, मग उद्यापासून येऊ नकोस. तिने काही वाद घातला नाही. वहीत नोंद केली, वेळ लिहिली, जॅकेट घेतलं आणि माझ्याबरोबर बाहेर पडली. कारंज्यापाशी आलो तेव्हा तिने विचारलं, कधी लिहून दिलंस? मी सांगितलं. मग बसस्टॉपच्या बाकावर बसून मी तिला सगळं सांगितलं. बसचं, कोटाचं, सगळं. आधी तिला, आज तुला.

स्टोयना : रडली असेल.

रुसी : मी रडलो. ती म्हणाली, गहू दे इकडे, सकाळपासून काही खाल्लं नाही. मग दोघांनी मीन्चोच्या नावाने ते गहू खाल्ले.

स्टोयना : आणि नोकरी गेली तिची. तुझ्यापायी.

रुसी : ते तिलाच विचार. येतेच आहे ती अकराच्या बसने.

स्टोयना : इथे? आज? अरे, मग आधी सांगायचंस. मी बघ कशी काजळी माखून बसले आहे.

(फाटक वाजतं. नेव्हेना कलिंगड कडेवर घेऊन आत येते.)

नेव्हेना : आत्या, फोनवर राहिलेलं काही असेल तर हे खाली ठेवल्यावर बोल. जड आहे.

स्टोयना : ठेव तिथे सावलीत. आणि ये, इथे बस माझ्याजवळ. त्या दिवशी मी फोनवर जे बोलले ते मागे घेते. सगळं. एकूण एक शब्द.

नेव्हेना : बाबाने सांगितलं वाटतं.

स्टोयना : सांगितलं. तू मला एवढं तरी म्हणायचंस, की आत्या, तुला पूर्ण माहीत नाही.

नेव्हेना : म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, काय माहीत नाही. ते सांगायचं माझ्या हातात नव्हतं. दारावर बसणाऱ्या माणसाने पडद्यावर बघितलेलं बाहेर बोलायचं नसतं. बापाचं असलं तरी.

स्टोयना : मग आता काय करणार? कामाचं?

नेव्हेना : तिथेच आहे मी.

स्टोयना : तिथेच? त्याने काढलं ना तुला?

नेव्हेना : दोन दिवसांनी देयानचाच फोन आला. वहीत मी केलेली नोंद त्याने वाचली होती, की तो सोड म्हणाला आणि मी सोडलं नाही. तपासणीला ती वही पहिली बघतात. म्हणाला, चुकलं माझं, ये परत, फक्त माझ्या वरच्यांना काही सांगू नकोस. मी म्हटलं, येते, पण पुन्हा कोणासाठी शब्द टाकायचा नाही. मेयरसाठीसुद्धा नाही.

रुसी : मेयरसाठी म्हणालीस? हे मला नव्हतं सांगितलंस.

नेव्हेना : त्यावर तो हसला. म्हणाला, मेयर तसाही हरतो.

स्टोयना : पण पोरी, लोक आपल्या घरातून उठून तिथे जातात, आणि तू तिथे दारात बसतेस. तुला बरं वाटतं?

नेव्हेना : आधी नव्हतं वाटत. पगार आणि विमा मिळतो म्हणून लागले होते. आता दार उघडं राहणारच असेल, तर तिथे बघणारी कोणीतरी हवी ना? आणि आत्या, त्या दिवसापासून चार जण येऊन गेले. खेळायला नाही. असे उभे राहतात, सिगारेट पेटवतात, इकडेतिकडे बघतात, आणि मग हळूच विचारतात, तो कागद कुठे मिळतो. काल पेना आली होती.

रुसी : बेकरीवाली? ती तर मागे उभी राहून हसत होती.

नेव्हेना : कोण आली ते मी बोलायला नको होतं. चुकलं. तुम्ही दोघांनी ऐकलं नाही.

स्टोयना : मी काय ऐकणार, मला मिरच्यांच्या तडतडीत काही ऐकू येत नाही. रुसी, तुझी मुलगी आईवर गेली आहे. उंचीने तुझ्यावर, पण बाकी सगळी गीन्का.

रुसी : मीही तेच म्हणणार होतो. म्हणजे, तिला म्हणायचंच होतं. नेव्हेना, त्या दिवशी दारात मी आईबद्दल जे बोललो…

नेव्हेना : बाबा, बाकावर झालं ना ते बोलून.

रुसी : बाकावर मी माफी मागितली. हे वेगळं आहे. तुझ्या आईला लाज वाटली नसती. ती आपल्या गल्लीतल्या एकेका दारावर जाऊन तुझं कौतुक सांगून आली असती. मला तसं जमत नाही. म्हणून ताईकडे आलो, निदान एका दारावर तरी.

स्टोयना : पुढची दारं माझ्यावर सोड. तुझी ती यादी सोडून बाकी सगळं सांगते. दूधवालीपासूनच सुरुवात.

नेव्हेना : आत्या, एकही शब्द नको.

स्टोयना : बरं बरं. मग नुसतं म्हणेन, की आमच्या पोरीबद्दल जपून बोल. तेवढं चालेल?

नेव्हेना : तेवढं चालेल.

रुसी : सोमवारी तुझी कुठली पाळी आहे?

नेव्हेना : दुपारची. का?

रुसी : माझी दोन वर्षं या आठवड्यात संपतायत. परत लिहून द्यायचंय. सकाळी जाईन. तू येशील?

नेव्हेना : येईन की. पण तिथे बरोबर कोणी लागत नाही, बाबा. सही तुझी एकट्याचीच असते.

रुसी : माहीत आहे. त्या खिडकीतल्या बाईला दाखवायचंय, दारावर कोण बसतं ते.