कॉम्प्युटरवरच्या अक्षता

कशाला सांगायला लावता रे, आठवलं की अजून घास उतरत नाही. बरं, ऐका.

लंडनच्या एजवेअरला लेकीकडे होतो. जावयांनी गेम खेळायला कॉम्प्युटरात नवं महागडं कार्ड बसवलं. दुसऱ्या दिवशी दसरा. मी म्हटलं, "पूजा झाल्याशिवाय चालू करायचा नाही." हळदकुंकू वाहिलं, वर अक्षता टाकल्या. मग जावयांनी बटण दाबलं, तर पडदा काळाठिक्कर!

जावई ओरडले, "अहो बाबा, आत तांदूळ गेले! कार्ड जळलं असणार!"

चार दिवस अन्न गोड लागेना. वाटलं, आता मला पुढच्या विमानानं परत धाडणार. लेकीला विचारलं, "बॅग भरू का गं?" ती उठून स्वयंपाकघरात गेली.

शेवटी दुरुस्तीवाला गोरा आला. त्यानं डबा उघडला, तर आत तांदळाचा एक दाणा नाही. कार्डाची वायरच जोडायची राहिली होती. त्यानं ती खोचली आणि पडदा उजळला.

जावई म्हणतात, "बघा बाबा, तुमची पूजा पावली!"

पूजा पावली म्हणे! लेकीनं माफी मागितली. त्या गोऱ्यानं तर काही कारण नसताना दोनदा सॉरी म्हटलं. राहिलेत एकटे आमचे जावई, मिलिंदराव.