खोटी गिऱ्हाइकं

दातांच्या डॉक्टरांकडे मी पुस्तकात डोकं खुपसून बसलो होतो. शेजारी ब्लाउज शिवणाऱ्या एक बाई आणि त्यांच्या दुकानासमोरचे चपलावाले बोलत होते. ऐकायला नको होतं बहुधा.

“भाऊ, महिनाअखेर मी दुकान बंद करतेय. पक्कं.”

“वहिनी, जरा दम धरा. चोऱ्या झाल्यापासून अंधार पडला की बाजारात कुणी फिरकत नाही, म्हणून तर आपण घरच्यांना गिऱ्हाईक बनवून एकमेकांच्या दुकानात पाठवतोय. गर्दी दिसली की गर्दी येते.”

“कुठे येतेय? पण काल तुमच्या सासूबाईंनी कमाल केली हं! पहिल्यांदाच पाहिलं त्यांना.”

“सासूबाई?”

“चार नमुने काढायला लावले, गळ्यावरून वाद घातला. वर म्हणतात कशा, इथे आता केवढी वर्दळ असते, संध्याकाळी यायला भीती वाटत नाही! मी टाळ्याच वाजवल्या. म्हटलं, मावशी, पुरे आता नाटक, मला शटर ओढायचंय.”

“वहिनी, सासूबाई काल घरातच होत्या. गुडघा धरलाय त्यांचा.”

“मग ती कोण?”

“तुम्हीच सांगा.”

“अगं बाई! आणि मी तिला हाकलली!”

“चिडली का?”

“हसली. उद्या बहिणीला घेऊन येते म्हणाली. मी म्हटलं, आणा, तिलाही घेऊ नाटकात!”

“उद्या म्हणजे आज, वहिनी.”

“सरका, सरका! माझी पिशवी द्या इकडे.”

“अहो, पुढचा नंबर तुमचाच आहे. दाताचं काय?”

“दात कुठे पळून जातोय!”