हजर, पण दुसऱ्याच्या नावानं

…आणि वर मलाच म्हणतात, ‘छिलबोकदादा, तुम्हाला काय, नुसतं बसायचंच तर असतं!’ आता तुम्हीच सांगा, बसणं म्हणजे काम नाही? अहो, मांडीवर तीन फोन घेऊन बसायचं, तिन्हींत तीन मास्तर, एक म्हणतो कात्री कशात बुडवावी, दुसरा म्हणतो उतारावर गाडी कशी आवरावी, तिसरा म्हणतो हात कोपरापर्यंत धुवा… आणि ऐकणारा मी एकटा क्वाक छिलबोक, चौऱ्याहत्तर वर्षांचा, जन्मात शाळेची पायरी न चढलेला हमाल! पाय वाकडे झाले म्हणून ओझी सोडली, म्हटलं आता सावकाश न्हाव्याच्या दुकानात शेगडीपाशी बसावं, येणाऱ्याजाणाऱ्याला ‘जेवलात का’ विचारावं… पण नाही! माझ्या नशिबी म्हातारपणी अभ्यास आला. तोही दुसऱ्यांचा!

सावकाश सांगतो, मला घाईनं सांगता येत नाही. आमच्या थोंगयंगच्या बंदराजवळच्या बाजारात ज्याला म्हणून धंद्याचा परवाना आहे, त्याला दरवर्षी काही तास शिकावंच लागतं. न्हावी असो, टॅक्सीवाला असो, खानावळवाली असो… तीस वर्षं तेच करतोय म्हणून सुटका नाही. पूर्वी सगळ्यांना एका सभागृहात नेऊन झोपवत, आता ज्यानं त्यानं आपापल्या फोनवर झोपायचं. पण तुम्हाला सांगतो, फोन भारी लबाड! दर पंधरा मिनिटांनी मास्तर गप्प होतो, पडद्यावर एक चौकोन येतो आणि त्यात लिहिलेलं असतं, ‘श्री. ऑम गिथेक, आपण हजर आहात का?’ खाली दोन मिनिटांचं घड्याळ उलटं पळायला लागतं. तेवढ्यात ‘हजर’वर बोट ठेवलं तर ठीक, नाही तर तो धडा पुन्हा पहिल्यापासून!

आता ऑम म्हणजे आमचा न्हावी. त्याच्या एका हातात वस्तरा, दुसऱ्या हातात गिऱ्हाइकाचं नाक. तो बोट कुठलं ठेवणार? मग ओरडतो, ‘दादाऽऽ! दाबा!’ मी दाबतो. फ्यो टॅक्सीवाला, त्याचे दोन्ही हात चाकावर. सकाळीच फोन आणून टाकतो, ‘दादा, आज माझं उताराचं प्रकरण आहे, तेवढं बघा.’ मी बघतो. आणि बोंगसुनबाई… बाजूला त्यांची खानावळ, शेवाळाच्या पानात गुंडाळलेल्या भाताच्या सुरळ्या आणि सोबत समुद्रातल्या माकुळाचं नि मुळ्याचं तिखट तोंडीलावणं, अख्ख्या बंदरावर तशी चव नाही. त्यांचे हात मनगटापर्यंत माकुळात. त्या काय दाबणार? नऊ वर्षं झाली. न्हाव्याचं मीच शिकतो, टॅक्सीचं मीच शिकतो, स्वयंपाकाचं मीच शिकतो. हजर! हजर! हजर! पण कोणाच्या नावानं? दुसऱ्याच्या.

बाजारात एक औषधवाले साहेब तेवढे आपला अभ्यास आपण करतात. शिकलेला माणूस. त्यामुळे झोपतोसुद्धा आपला आपण.

यंदा तर आणखी एक नवीन निघालं. धडा सुरू होताना फोनला चेहरा दाखवायचा! ज्याचा परवाना त्याचाच चेहरा. म्हटलं सुटलो! कसलं काय… ऑम गिऱ्हाइकाला अर्ध्या फेसात सोडून येतो, फोनपुढं हसतो, परत जातो. फ्यो बाजाराच्या तोंडाशी गाडी थांबवतो, मागच्या सवारीला म्हणतो, ‘बाई, मिनिटभर, माझी शाळा आहे,’ धावत येतो, तोंड दाखवतो, धावत जातो. चेहरा त्यांचा, डोकं माझं!

आणि डोक्यात तरी किती मावेल हो? एकदा फ्यो खरोखरच घाबराघुबरा आला, ‘दादा, सवारी पिऊन पडलीय गाडीत, उतरायला तयार नाही, अभ्यासात काय सांगितलंय?’ मी डोळे मिटले, आठवलं आणि शांतपणे म्हटलं, ‘उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवायची, मग स्वच्छ फडक्यानं कोरडी करायची.’ ऑम हसून हसून खुर्चीवरून पडला. ‘दादा, ती माझी कात्री!’

हसा तुम्हीही. मीही हसलो. पण खरं सांगू? मला ते आवडायचं. म्हणजे अभ्यास नव्हे… अभ्यासही आवडायचा म्हणा, तो निळ्या टायचा मास्तर नऊ वर्षं तोच आहे, माझे दात गेले, त्याचा टायसुद्धा बदलला नाही, माझ्याशी इतकं सबुरीनं आजवर कोणी बोललेलं नाही… पण मला आवडायचा तो चौकोन. कोणीतरी माणसाचं नाव घेतं, पूर्ण नाव, मागं ‘श्री.’ लावून, आणि विचारतं, आहात का? आणि थांबतं. दोन मिनिटं थांबतं! आम्हाला आयुष्यभर काय हाक? ‘ए हमाल!’ थांबतंय कोण? पाठीवरच्या लाकडी चौकटीवर खोकी चढली की चालायला लागायचं.

मी तिशीत होतो तेव्हाची गोष्ट. थंडीत टेकडीवरच्या शाळेत कोळसा पोचवायचं काम माझ्याकडं. ते भोकं पाडलेले गोल ठोकळे असतात ना, ते. रोज सकाळी ओझं घेऊन चढायचो, आणि चौथीच्या वर्गाच्या खिडकीपाशी पोचलो की नेमकी हजेरी चाललेली असायची. मी ओझ्याला काठीचा टेकू द्यायचो आणि उभा राहायचो. त्रेसष्ट नावं. बाई एकेक नाव घ्यायच्या आणि एकेक कोवळा आवाज, ‘हजर!’ ‘हजर!’… सगळी नावं पाठ झाली मला. घरी येऊन बायकोला म्हणून दाखवायचो, ती म्हणायची, ‘तुमचं त्यात कुठं आहे?’ ती गेली आता. एक दिवस बत्तीस नंबरचं पोर आलं नव्हतं. बाईंनी एकदा नाव घेतलं. पुन्हा घेतलं. वर्ग शांत. आणि त्या शांततेत, काय झालं मला कोण जाणे, माझ्याच तोंडातून निघालं… ‘हजर!’

त्रेसष्ट वजा एक, बासष्ट तोंडं खिडकीकडं वळली! बाहेर एक काळाठिक्कर माणूस, तोंडभर कोळसा, फक्त दात पांढरे. पोरं किंचाळली, बाईंच्या हातातली पेन्सिल पडली. मी ओझं उचललं आणि जो सुटलो! धावता धावता वाटलं, बोललो तर बोललो, पण तेही बत्तीस नंबरच्या नावानं. हजर… पण दुसऱ्याच्या!

तर आता मूळ गोष्ट. गेल्या फाल्गुनाच्या सुमाराला, अजून बंदरावर वारं बोचत होतं, मी बोंगसुनबाईंकडं जेवायला बसलो होतो. बघतो तर बाई ज्या सुरीनं कच्चं माकुळ चिरत होत्या, त्याच सुरीनं शिजलेल्या भाताच्या सुरळ्या कापायला निघाल्या! मी म्हटलं, ‘बाई, अहो बाई! कच्च्याची सुरी वेगळी, शिजल्याची वेगळी. पाटसुद्धा वेगळा. चौथा धडा.’

बाईंच्या समोर गिऱ्हाइकं बसलेली. चारचौघांत बोललो, चुकलंच माझं. बाई सुरी हातात धरून म्हणाल्या, ‘कोण सांगतंय मला? आँ? नऊ वर्षांची नऊ प्रमाणपत्रं माझ्या नावानं भिंतीवर आहेत. तुमचं कुठाय, क्वाकभाऊ? दाखवा की!’

सगळे हसले. मीही हसलो. हातातली भाताची सुरळी ताटात ठेवली आणि उठलो.

तीन दिवस मी बाजारात गेलो नाही. घरी बसून काय करणार? खिडकीतून बोटी मोजल्या. तिकडं तीन दिवसांत ऑमचा एक धडा सात वेळा पहिल्यापासून सुरू झाला म्हणे! चौथ्या दिवशी सकाळी दारात बोंगसुनबाई. हातात डबा, बगलेत कागद. ना नमस्कार ना चमत्कार, डबा आपटला आणि म्हणाल्या, ‘सही करा.’

‘कशावर?’

‘खानावळीत भागीदार केलंय तुम्हाला. नावापुरतं हं! गल्ल्याला हात लावलात तर बोटं छाटीन. भागीदार झालात की तुम्हालाही तीन तासांचा अभ्यास सक्तीचा. तुमच्या नावानं. महिनाअखेरपर्यंत पुरा केला नाहीत तर नाव कापतात, मग मला बोलायचं नाही.’

मी सही केली. एकेक अक्षर इतकं वाकडंतिकडं काढलं की बाई म्हणाल्या, ‘सही करताय की भूकंप काढताय?’ जाताना दारात थांबल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, ‘सुरी दुसरी आणलीय.’

आणि मग तुम्हाला सांगतो… शेगडीपाशी बसलो. मांडीवर एकच फोन. माझा! चेहरा दाखवला. अंघोळ करून, दाढी करून गेलो होतो, ऑमनं फुकट केली. निळ्या टायचा मास्तर आला, ‘नमस्कार, आज आपण हात धुण्यापासून सुरुवात करू या.’ करा महाराज, करा. मी त्याच्याआधी त्याची वाक्यं म्हणत होतो. पंधरा मिनिटं झाली. मास्तर गप्प झाला. चौकोन आला.

‘श्री. क्वाक छिलबोक, आपण हजर आहात का?’

मला वाचता येतं हं. खोक्यांवरची नावं वाचत वाचत शिकलो, हळू येतं पण येतं. मी वाचलं. पुन्हा वाचलं. श्री. क्वाक. छिल. बोक. खाली घड्याळ पळतंय, पळू दे. म्हटलं, बोट ठेवलं की हे जाणार. चौऱ्याहत्तर वर्षांनी कोणी नाव घेतलंय, लगेच काय हाकलायचं? जरा बसू दे की… आणि बघता बघता दोन मिनिटं संपली. ठप्! मास्तर परत, ‘नमस्कार, आज आपण हात धुण्यापासून…’

ऑम म्हणाला, ‘दादा! माझ्या वेळी तर डोळे मिटून दाबता!’

मी म्हटलं, ‘चुकून राहिलं रे.’

दुसऱ्या वेळीही चुकून राहिलं. तिसऱ्या वेळीही. अहो, तीन तासांचा अभ्यास, मला सतरा दिवस लागले! हा अभ्यास घेणाऱ्या खानावळवाल्यांच्या संघटनेच्या कचेरीतून एका पोरीचा फोन आला, ‘आजोबा, तुमच्या नावापुढं बेचाळीस वेळा गैरहजर लागलंय. काही अडचण आहे का? पडदा दिसतो ना नीट?’

मी विचारलं, ‘माझ्याच नावापुढं लागलंय ना, पोरी?’

‘हो, आजोबा.’

‘पूर्ण नाव आहे?’

‘हो… पूर्ण आहे.’

‘मग राहू दे.’

पण राहू देऊन कसं चालेल? महिनाअखेर आली. बोंगसुनबाई रोज विचारायच्या, ‘झालं का?’ मी म्हणायचो, ‘आलंच.’ ऑम म्हणायचा, ‘म्हाताऱ्याचं डोकं चाललं नाही वाटतं, दुसऱ्याचंच येतं त्याला.’ शेवटच्या दिवशी दुपारी मी मन घट्ट केलं. म्हटलं, छिलबोक, आज प्रत्येक वेळी बघायचं फक्त दहा मोजेपर्यंत, आणि दाबायचं. नाही तर नावच कापलं जाईल, मग बघशील काय? आणि दाबलं हो! एक, दोन… दर वेळी दहावर आलो की दाबलं. असं करत करत शेवटचा धडा, शेवटचा चौकोन. यानंतर वीस प्रश्न, ते मला झोपेतही येतात. म्हणजे हाच शेवटचा. वर्षभरात आता कोणी विचारणार नाही.

म्हटलं, हा एवढा एक नीट घेऊ. नुसतं बोट ठेवून नाही. उभं राहून. तोंडानं म्हणू. मोठ्यानं.

मी फोन खुर्चीवर ठेवला. उठलो. गुडघे वाजले. अंगरखा सारखा केला. समोर नाव, खाली घड्याळ, अजून पाऊण मिनिट. मी श्वास घेतला, छाती भरली, तोंड उघडलं… ‘ह…’

आणि मागून एक हात आला. माकुळाचा वास, तिखटानं लाल झालेलं बोट. टक्!

‘आंधळे झालात का हो, क्वाकभाऊ?’ बोंगसुनबाई धापा टाकत होत्या, खानावळीतून पळत आल्या होत्या बिचाऱ्या. ‘वेळ संपत आली आणि उठून कुठं निघालात? मी म्हणून पोचले! नाहीतर कापलं असतं आज नाव!’

चौकोन गेला. पडद्यावर तेवढं लाल बोट उमटलेलं राहिलं. माझा ‘ह’ तोंडातच.

मी परत खाली बसलो. नऊ वर्षं मी बाईंच्या नावानं हजर म्हणत आलो, माझ्या एकाच खऱ्या हजेरीला त्या म्हणाल्या. फिटलं म्हणायचं. वीस प्रश्न सोडवले, वीसच्या वीस बरोबर. बाईंनी सगळ्या बाजाराला माकुळ वाढलं. प्रमाणपत्र आलं, त्यांनी स्वतः चौकटीत घालून भिंतीवर टांगलं, आपल्या नऊ प्रमाणपत्रांच्या वर. नाव माझंच आहे. गिऱ्हाइकं विचारतात, ‘आजोबा, हे तुमचं?’ मी म्हणतो, ‘हो.’ खोटं थोडंच आहे?

काल बाई म्हणाल्या, ‘भाऊ, पुढच्या वर्षी दोघांचा अभ्यास एकाच दिवशी उरकू. तुमच्या वेळी मी मुद्दाम शेजारी बसेन, काळजी करू नका.’ इतक्या मायेनं म्हणाल्या हो! मी म्हटलं, ‘बरं.’ आता वर्षभर मला एकच शोधायचंय… पुढच्या फाल्गुनात, लांबच्या एखाद्या गावात, बाईंच्या नात्यात कोणाचं लग्न निघतंय का!