सगळ्यांना गेलेला मेसेज

मी नाय पाठवला, दीपमाला मॅडम. आधी बसा तरी. तो स्टूल घ्या — थांबा, त्याच्यावर ग्रीस आहे, पुसतो — हां, बसा. तर मी नाय पाठवला, त्या लग्न जुळवायच्या ॲपनं पाठवला. नाव माझं असंल, फोटो माझा असंल — व्हय, फोटो माझाच आहे, चुलतभावाच्या हळदीतला, खांद्यावरचा हात तेवढा त्याचा — पण पाठवणारं ते. "बुद्धभूषण यांनी तुम्हाला पसंत केलं आहे, त्वरित उत्तर द्या." असं मी म्हणंन का? मी चपला घ्यायला गेलो तरी पसंत आहे म्हणायला लाजतो, दुकानदार देईल ती घालून येतो. अन् त्वरित उत्तर! मी काय लाईट बिल आहे का?

ॲप म्हणजे काय जात आहे ते तुम्हाला माहिती नाय. लई मायाळू. भरतकामाची नक्षी बघायला एक घेतलं होतं मी, गिऱ्हाइकांना दाखवायला — मोर, कुयऱ्या, वेली. उघडायच्या आधीच म्हणतंय, माईक वापरू द्या. अरे बाबा, मला मोर बघायचाय, मी काय गाऊन दाखवू? मग म्हणतंय, तुम्ही कुठं आहात ते कळू द्या. गुलमंडीत आहे राजा, शिलाई मशीन खोलून बसलोय, ये चहाला! पहिल्या फोनात एक बॅटरीचं ॲप होतं, अंधारात उजेड पाडायचं. त्याला माझ्याकडचे सगळे नंबर पाहिजेत. कशाला? तर लाईट गेली की सगळ्यांना कळवणार असंल, बुद्धभूषण अंधारात बसलाय म्हणून. अन् आपण काय करतो? वाचतो का? बोट तयारच असतंय — दिलं, दिलं, दिलं. घरी पाहुणा आला अन् म्हणला कपाट उघडून दाखवा, तर त्याला आपण पायरी उतरवू. फोननं विचारलं की चावीच हातात देतो. अन् एकदा दिलं की ते दिलंच — तुम्ही झोपा, ते बघत बसणार. मी नाय देत तसं. मी नववीत शाळा सोडली पण एक एक ओळ वाचतो, तिथं गडबड नाय करत.

तर या लग्नाच्या ॲपनं तेच केलं. नंबर मागितले, घेतले, अन् सुटलं सगळ्यांच्या मागं. तुम्हाला एकटीला थोडाच आलाय? गॅसवाल्याला गेला. दोऱ्याच्या रिळांवाल्या तन्वीरभाईला गेला. भामाबाई आहेत ना पडेगावच्या, गोधड्या शिवतात त्या — सकाळीच फोन, "पोरा, मला नातवंडं हायेत की रं." आता सांगा, तोंड कुठं लपवू? म्हणून म्हणतो, मनाला लावून घेऊ नका. सगळ्यांना गेला.

काय झालं? हसायचं सोडून उठलात कशाला? कोणाला — बाबांना?

व्हय, त्यांचा नंबर आहे की माझ्याकडं. मशीन कधी कधी तेच आणून टाकतात, मग त्यांनाच फोन करतो झाली म्हणून. नाय, नाय, त्यांना नाय गेला. अहो, बसा. घरी पळून त्यांचा फोन कुठं लपवताल? — शिवणकाम बंद करतील? मशीनच विकतील? एका मेसेजवरून? — बरं, बरं, तुमचे वडील, तुम्हाला जास्त माहिती. पण नाय गेला ना. — कशावरून म्हणजे? नाय गेला म्हणजे नाय गेला. — ॲपला कळतंय हो, वडीलधारं माणूस — नाय, नाय कळत, खरंय, त्याला काय कळतंय. — मॅडम, ऐका. बाबांचा नंबर त्या ॲपकडं नाय. मी दिलाच नाय. हा फोन जुना घेतलाय पण शहाणा आहे, हा विचारतो — सगळे नंबर द्यायचे का निवडून द्यायचे? अन् मी एवढा वाचून वागणारा माणूस, मी सगळे कशाला देईन? मी निवडून —

हां. निवडून दिले.

दिले म्हणजे — गॅसवाला? नाय, त्याला नाय. तन्वीरभाई? त्यांना तीन पोरं आहेत, त्यांना कशाला. भामाबाईंचा फोन खरंच आला होता, शपथ. सुई मोडली होती त्यांची. नातवंडांचं मी घातलं.

बघा, सेटिंगमधी आहे, घ्या हातात, स्वतः बघा. एकच नाव आहे. दिसलं? बाबांना जाणं शक्यच नाय. झालं ना समाधान? पाणी देऊ का? ॲपमधी लिहिलं होतं, ओळखीतलं कोणी असंल तर नंबर द्या, आम्ही तुमचं नाव न सांगता अलगद विचारू. अलगद! हे बघा अलगद — नाव, फोटो, वर लाल बदाम. मी म्हणलं, आपल्याच्यानं तोंडानं व्हायचं नाय, ते विचारंल, तुम्ही नको म्हणलात तर मला कळंल, विचारणारा मी होतो ते तुम्हाला कळायचं नाय. तुम्ही मशीन आणत जाल, मी दुरुस्त करत जाईन. असं होतं सगळं.

काय म्हणालात? — वाचलं होतं की. एक एक ओळ वाचली. — नंबर कोणाचा म्हणजे? — तुमचा. — अन् दिला मी. — नाय.

नाय विचारलं तुम्हाला.

काढतो. ॲप काढलं, हे बघा. तुमचा नंबर पण — हे, पुसला. बाबांनाच फोन करत जाईन. चुकलंच माझं, मॅडम. आता वर मान करून कसं —

काय? मग सरळ विचारायचं होतं? तोंडानं? आत्ता? इथं, समोरासमोर, तुम्ही असं बघत असताना?

नाय, आज शटर ओढायचंय मला. — व्हय, माहितीय दुपार आहे. दुपारीच ओढतो मी कधी कधी. तुम्ही या आता. उद्या या. पाठ करून ठेवतो. या, या.