एक गाव, एक दुकान

ज्या माणसाच्या दुकानात माझ्या नातीचा लॅपटॉप महिन्यापासून पोट उघडं टाकून पडलाय, त्याच माणसाला शाल घालायला मला बोलावलं. घातली शाल. नारळ दिला, फोटो काढला, हसायला सांगितलं तर हसलेसुद्धा. पण लॅपटॉपचं पुढं काय, ते एकानंही सांगितलं नाही. वर जेवणं खोळंबली म्हणून माईक बंद करायची घाई. सहादेव, त्या बटनावरचा हात काढ. पत्रिकेत ‘बचत गटाच्या बनुबाई यांचे दोन शब्द’ असं तुम्हीच छापलंय ना? मग ऐका आता.

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपले सरपंच हनुमंतराव, नगरहून मुद्दाम आलेले कंपनीचे मोठे अधिकारी अनीशसाहेब, आजचे सत्कारमूर्ती सुहासराव, त्यांच्या सौभाग्यवती लीनाताई, पुढं सतरंजीवर बसलेल्या माझ्या लेकी-सुना, आणि मागं भिंतीला टेकून वरणाच्या वासाकडं लक्ष ठेवणारी समस्त मंडळी, सर्वांना माझा रामराम.

निरोपाच्या दिवशी माणसाचं चांगलं बोलावं. खरं तेवढं मी बोलते. सुहासरावांच्या शेवगावच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या पायांना शेतातला चिखल होता. त्यांनी आधी खुर्ची दिली, पाणी दिलं, मग काम विचारलं. पोरींना लॅपटॉप चालू-बंद करायला शिकवायला स्वतःच्या गाडीत तेल घालून गावात आले. उद्धट शब्द कधी नाही. आता दुकान आवरून पुण्याला लेकाकडं चाललेत. सुखानं नांदावं, माझी काही आडकाठी नाही.

पण मंडळी, एवढ्या मोठ्या तालुक्याच्या गावात लॅपटॉपचं दुकान एकच कसं राहिलं, याचा कुणी विचार केला का?

शाळा मोबाईलवर भरत होत्या तो काळ आठवा. तेव्हा शेवगावात तीन दुकानं होती. एक सुहासरावांचं, एक स्टँडजवळ श्रीमंतचं, अन् तिसरं वाल्मिकचं. वाल्मिक विकायचा कमी अन् उघडायचा जास्त. कुठल्याही कंपनीचं यंत्र द्या, तो खोलून बसायचा. श्रीमंतच्या दुकानातून भाव न पटून उठलं की तो पायरीपर्यंत मागं यायचा.

“मावशी, बसा की! बॅग फुकट देतो.”

“बॅग काय डोक्यावर घेऊ?”

“बरं, माऊसबी घ्या. पन त्या सुहासकडं जाऊ नका!”

अन् सुहासरावांकडं गेलं की तेही हळूच विचारायचे, “श्रीमंतने कितीला सांगितला?” गिऱ्हाइकाला तेवढी किंमत होती बघा. दुकानदार एकमेकाला भ्यायचे, म्हणून आपल्याला खुर्ची मिळायची.

मग आपली ग्रामसभा झाली. आपलं गाव साधं नव्हे. बोअर घ्यायची नाही म्हणून आपण हात वर केले, अन् विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहिलं. ऊस लावायचा नाही म्हणून हात वर केले, तेही पार पडलं. आपलं काम बघायला बसगाड्या भरून लोक येतात. त्यामुळं झालं काय, हात वर केला की जगात काहीही साधतं, असं आपल्याला वाटायला लागलं. हनुमंतराव इथंच, याच खांबाजवळ उभे राहिले आणि म्हणाले, “एक गाव, एक दुकान! समद्यांनी लॅपटॉप सुहासरावांकडूनच घ्यायचा, एकाच कंपनीचा. गाव एकजूट दिसलं की भाव पडंल.”

माझा लेक गोरक्ष मागून म्हणाला, “अन् फुडच्या साली दुसरीकडं सस्ता भेटला तर?”

“फुडंबी हितंच. जो फुटंल, त्याच्या घरचं दूध डेअरीत घ्यायचं न्हाई.”

झालं. सगळे हात वर. माझाही होता. स्वस्त मिळत असेल तर मी दोन्ही हात वर करते, त्याची मला लाज नाही. अन् पहिल्या साली मिळालाही स्वस्त. हनुमंतराव, तेव्हा तुम्हाला हार घालणाऱ्यांत मीही होते.

आता हसू नका, पुढचं ऐका. आपलं पाणी बघायला आलेली तालुक्यातली गावं जाताना हाही ठराव शिकून गेली. त्यांनीही सुहासरावांशीच बांधून घेतलं. श्रीमंतच्या पायरीवर माणूस चढेना. आज तो मोबाईलची कव्हरं अन् शाळेची दप्तरं विकतो. वाल्मिक दुकानाला कुलूप लावून चाकणला कंपनीत लागला. दुसऱ्या साली मी जावेच्या नातवासाठी दुकानात गेले, तर यंत्र तेच, डबा तोच, भाव मात्र चढलेला.

“सुहासराव, हे कसं?”

“मावशी, आतली चिप परदेशातून येते. डॉलर वाढला, मेमरी महागली.”

“मग दुसऱ्या कंपनीचा दाखवा.”

“तुमच्या गावाला हाच ना, मावशी?”

मी उठले. उठून रस्त्यावर आले. मागून कुणी हाक मारली नाही. मारायची गरजच नव्हती, मी जाणार होते कुठं?

अनीशसाहेब, तुम्ही घड्याळ बघू नका. गेल्या साली तुम्ही याच माईकवर म्हणाला होता, “लॅपटॉपच्या धंद्यात फार मोठी स्पर्धा आहे.” मी चहा देताना विचारलं होतं, कोणाकोणाची? तुम्ही पाच-सहा नावं सांगितली. मी विचारलं, आतलं यंत्र कोण बनवतं? तर म्हणाला, “ते सगळ्यांचं मिळून दोन-तीन ठिकाणांहूनच येतं, आजी.” म्हणजे झाकणं निराळी अन् काळीज तेच. बरं, ती मेमरी आता आत अशी डकवून देता की वाढवायची म्हटलं तर अख्खं यंत्र नवं घ्या. चार्जर दुसऱ्याचा चालत नाही. बारावीचा निकाल लागला की भाव ताठ, कारण पोरं अडलेली असतात. दिवाळीला जरा वाकता. हा तुमचा धंदा आहे, करा. आमच्याकडंही कांदा असता अन् बाजारात दुसऱ्या कुणाकडं नसता, तर आम्हीही काही वाटत सुटलो नसतो.

माझं दुखणं वेगळं आहे. माझी नात संस्कृती नगरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. येत्या गुरुवारी तिची पुण्याच्या कंपनीची मुलाखत आहे, घरी बसून, लॅपटॉपवरच. आधी परीक्षा, मग लगेच साहेब समोर. मोबाईल चालत नाही म्हणून सांगितलंय. अन् तिचा लॅपटॉप मध्येच काळा पडला तो पडलाच. सुहासरावांनी त्यातला तिचा प्रोजेक्ट काढून दिला, ते उपकार मी मानते. पण पार्ट कंपनीतून येईना.

कुणी म्हणेल, शेजारचा मागून घ्या. घेतला असता हो! पण शेजारचाही त्याच खेपेचा. बनकरांच्या घरातल्याची बॅटरी पुरीसारखी फुगली. सहादेवच्या पोरीच्याचा पडदा बिजागरीतून सुटलाय, ती सुतळी बांधून वापरते. सहादेव, खोटं हाय का? मान हलव की! सगळ्या शिवारात एकच बियाणं पेरल्यावर रोगही सगळ्यांना एकदमच येणार.

गेल्या मंगळवारी मी शेवगावला गेले. लीनाताईंनी चहा ठेवला. दुकानातली कपाटं निम्मी रिकामी. सुहासराव म्हणाले, “मावशी, खरं सांगू का? मला कंपनी ज्या भावानं देते, त्याहून कमी भावानं तीच कंपनी फोनवर विकते. मी कसा टिकू?”

“तीन दुकानं होती तेव्हा असं का नव्हतं?”

“तेव्हा कंपनीला आमची मनधरणी करावी लागायची. एकानं माल परत केला तर दुसरा घेईल का, ही तिला धास्ती होती. आता मी एकटा. मी नको म्हटलं, तर ती म्हणते नको तर नको.”

म्हणजे बघा, आपण त्यांना बांधले गेलो अन् ते कंपनीला. गाठ मात्र आपणच मारलेली.

काल गोरक्षनं फोनवर एक लॅपटॉप शोधला. दुसऱ्या कंपनीचा, भावही कमी. आज रात्री मागवला तर बुधवारपर्यंत शेवगावात येतो. त्याचं बोट बटनावर होतं, तेवढ्यात संस्कृती म्हणाली, “बाबा, नका. दुकान उठलं तरी ठराव उठलेला नाही. दूध बंद केलं तर आपण खायचं काय?” बोट मागं आलं. दुधावरच घर चालतं आमचं. अन् मला म्हणाली, “आजी, उद्या भाषणात माझं नाव काढू नको.” मी काढलं. रागावली तर रागवू दे.

आज इथं यायच्या आधी मी तिघांना विचारलं. सुहासराव म्हणाले, कंपनीला विचारा. अनीशसाहेब म्हणाले, दुकानदारामार्फत या. दुकानदार तर उद्या सामान भरतोय. अन् अध्यक्षमहाराज म्हणाले, “बनुकाकू, आजचा दिस तरी सोडा. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत बघू.” गुरुवार पंधरा ऑगस्टच्या आधी येतो, हनुमंतराव.

पाणी आपल्या शिवारातलं होतं. जमिनीत मुरलेलं, आपल्याच हाताखालचं. त्यावर आपला ठराव चालला. लॅपटॉप आपल्या शिवारात मुरतो का? तो जिथं बनतो तिथं आपल्या वर केलेल्या हाताला कोण विचारतं? आपण कंपनीला नाही अडवलं, आपल्याच पोरांना अडवलं.

लांबलं माझं. सुहासराव, लीनाताई, तुम्ही गावाला माया लावलीत, त्याबद्दल आभार. अनीशसाहेब इतक्या लांबून आले, त्यांचे आभार. स्वयंपाकाला राबणाऱ्या बायांचे सगळ्यांत आधी मानायला हवे होते, ते आता मानते. बोलताना कुणाला बोचलं असेल तर म्हातारीचं तोंड फाटकं म्हणून सोडून द्या. मुद्दा मात्र सोडू नका.

सुहासराव, तुम्ही उठू नका. तुम्ही विकायला बसला होता, विकलंत. साहेब, तुम्हीही बसा, तुमचं उत्तर मला पाठ झालंय. सहादेव, माईक आभारवाल्याकडं न्यायचा नाही. अध्यक्षांपुढं धर.

हनुमंता, ऊठ. लिहून आणलेलं भाषण खिशात ठेव. आज रात्री गोरक्षनं लॅपटॉप मागवला, तर उद्या सकाळी आमचं दूध डेअरीत घेणार का न्हाई? तू सांग. मधी दुसऱ्या कुणी बोलायचं न्हाई.